अर्ध्या तासानंतरचा उखाणा

वर्धा, १२ ऑगस्ट २००१

कोकिळा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडता कपाटावर टाकतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी पत्ता शेजारच्या शोभाबाईंकडून लिहून घेतला. रागवायचं तर रागव, पण आता उघडलंच आहेस तर पुढे वाच.

मला काम मिळालं! शाळेतून निवृत्त झाल्यावर एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा सकाळी डबा भरून निघते मी. नागपूरहून डॉक्टरांची एक तुकडी आली आहे. साठीच्या पुढच्या माणसांची स्मरणशक्ती तपासत ती गावोगाव फिरते. अल्झायमर नावाचा एक आजार असतो. त्यात आठवण हळूहळू पुसली जाते. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बरीच वर्षं निघून गेलेली असतात. ती आधीची वर्षं पकडता येतील का, साध्या प्रश्नांनी, गावातल्या ओसरीवर बसून, हे यांना शोधायचं आहे. प्रश्न सगळे परदेशातून आलेले, इंग्रजीत. ते मराठीत आणायला त्यांना कोणीतरी हवं होतं. बाबांनी मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं तेव्हा तू किती रडली होतीस, आठवतं? त्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं इंग्रजी आता पवनारच्या बायकांच्या कामी येतंय.

आणि काय ते प्रश्न! एका चित्रात पियानो होता. पवनारात दाखवला तर एकजात सगळ्या म्हणाल्या, "शिलाई मशीन." मी तुकडीचे मुख्य, डॉक्टर धनंजय, यांना सांगितलं, यात चूक त्या बायकांची नाही. बसा मॅडम म्हणाले, आणि दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत चित्रंच बदलली. पियानोच्या जागी पाटा-वरवंटा आला. कोके, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

ताईबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण पवनारला जाते म्हणजे तिच्याकडे उतरतेच ना. दोन वर्षं झाली, तू तिच्या दारात आली नाहीस. तिच्या मुलाच्या, धीरजच्या लग्नातून निघालीस तेव्हा तुझी चप्पल मांडवातच राहिली. ती माझ्याकडे आहे, पेपरात गुंडाळून.

ताई ठणठणीत आहे. रविवारी मला दोनदा चहा दिला. दुसऱ्यांदा कप पुढे करून म्हणाली, "आल्यापासून चहा बी नाई घेतला तू." पासष्ट झाली, एवढं तर चालायचंच.

उत्तराची वाट पाहत नाही असं लिहिणार होते. पण पाहते.

मोहिनी


वर्धा, २६ ऑगस्ट २००१

कोकिळा,

पोळ्याचं आटोपलं आणि लगेच आम्ही पुन्हा पवनारला. या वेळी ताईच्याच ओसरीवर बसलो. हसून हसून माझं पोट दुखलं, ते तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

प्रश्न विचारायला आचल नावाची मुलगी आहे, मानसशास्त्र शिकते, नागपूरची. गोड आहे, पण शहरात वाढलेली. तिच्या कागदावर एक प्रश्न आहे, 'जोडीदाराचं नाव सांगा.' सकाळपासून ती बायकांना विचारत होती आणि बायका खाली बघून पदर तोंडाशी नेत होत्या. आचल प्रत्येकीपुढे शून्य मांडत होती! प्रमिलाबाईंची पाळी आली. त्या ताईच्या शेजारीण, तू ओळखतेस. आचलनं विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव काय?"

"तुले काय करायचं हाय वं त्यायच्या नावाशी?"

"आठवतंय का, एवढंच बघायचंय."

"चाळीस वर्सं झाली त्यायले भाकर घालून राह्यली मी, आठवन नाई तर काय! पन नाव घेतलं अन् ते तिकडून उठून आले तर चहा कोन मांडन, तू?"

आचलनं शून्य मांडायला पेन्सिल टेकवली आणि मी तिचा हातच धरला. म्हटलं, बाळ, ही विसरलेली नाही, ही लाजलेली आहे. हे विचारायचं तर त्याची रीत आहे. उखाणा मागायचा.

डॉक्टर धनंजयांनी डोक्याला हात लावला. स्वतःच्या आईचंही असंच आहे म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं! सगळी शून्यं खोडली. मग ताई उठून उभीच राहिली. तुला माहीत आहे तिचं, गावातल्या कुठल्याही लग्नात पहिलं नाव तीच घेणार.

"कापसाच्या बोंडातून सरकी केली न्यारी,
बंडूजीचं नाव घेतो, पुसू नका दुसऱ्या बारी."

एक अक्षर अडखळली नाही. दारात भाऊजी टोपी सारखी करत उभे, वयाच्या सत्तराव्या वर्षी कान लाल. आचलनं टाळ्या वाजवल्या. मी तर शाळेतल्या मुलीसारखी ओरडलेच, "ताई पास!"

बाकीच्या प्रश्नांना मात्र भाऊजींनी तिला बोलूच दिलं नाही. आज वार कोणता? दारातून उत्तर, "शनिवार." सकाळी काय खाल्लं? "पोहे." आचल म्हणाली, "आजोबा, तुम्ही नका ना सांगू." तर म्हणतात, "अवं पोरी, एकाच घरात खातो आम्ही. माह्या पोटात पोहे हायेत म्हंजे तिच्या बी पोटात पोहेच."

किती प्रेम आहे बघ या वयात. मला कोणाचं नाव घ्यायची वेळ आली नाही, पण त्या दिवशी ओसरीवर बसून थोडंसं वाटलं, की आली असती तर मी उखाणा चांगला केला असता.

तुझी
मोहिनी


वर्धा, ९ सप्टेंबर २००१

कोके,

मी उखाणा केला! तोही आजारासाठी!

नीट सांगते. डॉक्टर धनंजय परत जाताना जीपमध्ये कागद चाळत होते. पुलावर गाडी आली आणि म्हणाले, "मॅडम, आपण जरा लवकर खूश झालो. तो उखाणा पंचेचाळीस वर्षं जुना आहे. हा आजार जुन्याला सगळ्यात शेवटी हात लावतो. तो आधी नव्यावर येतो."

मग त्यांनी जे समजावलं ते मी तुला जमेल तसं सांगते. वय झालं की सगळेच विसरतात, मीही चष्मा शोधत फिरते. पण आपलं विसरणं म्हणजे वस्तू घरातच असते, फक्त कोणत्या फडताळात ठेवली ते सुचत नाही. कोणी नुसतं म्हटलं, 'अगं, वरच्या बाजूला बघ,' की सापडते. या आजाराच्या सुरुवातीला तसं नसतं. वस्तू घरात आलेलीच नसते. कितीही सुचवा, फडताळ रिकामं. म्हणून काहीतरी नवं शिकवायचं, दुसऱ्या गप्पांत अर्धा तास घालवायचा आणि मग विचारायचं. नाही आठवलं तर थोडं सुचवायचं. सुचवल्यावर आलं तर बहुतेक वयाचा दोष. सुचवूनही नाहीच आलं, तर मात्र पुढे तपासायला हवं.

परदेशात यासाठी शब्दांची यादी पाठ करायला देतात. आमच्या बायका याद्या का पाठ करतील? उखाणा करतील! मी जीपमध्येच म्हटलं, मला एक रात्र द्या. आणि हा घे:

"निळ्या टोपलीत पेरू, पेरूवर बसली खार,
अमुकअमुकांचं नाव घेते, उघडा मागचं दार."

निळी टोपली, पेरू, खार, मागचं दार. चार वस्तू, चारही मनानं जुळवलेल्या, कोणीच आधी ऐकलेल्या नाहीत. नेहमीच्या उखाण्यात दार पुढचंच असतं, म्हणून मुद्दाम मागचं घातलं. पुरुषांसाठीही चालतो, ते बायकोचं नाव घालतात आणि बायकांपेक्षा जास्त लाजतात.

पहिली परीक्षा प्रमिलाबाईंची. पाठ झाला. मग आचलनं त्यांना डाळीच्या भावापासून जावयापर्यंत बोलतं केलं आणि अर्ध्या तासानं विचारलं, मघाचा उखाणा? प्रमिलाबाई म्हणाल्या, "गेला वं डोक्यातून. तू जावयाचं काढलं नं मधात." आचल म्हणाली, टोपलीत एक फळ होतं. "पेरू! अन् त्याच्यावर ते काय... खार! टोपली निळी व्हती. मांगचं दार!" सगळंच्या सगळं एका सुचवण्यात आलं. मला नाचावंसं वाटलं. दोन ओळींच्या उखाण्यानं इतकं कळतं!

पुढच्या शनिवारी ताईचा नंबर. नागपूरहून आणखी दोघे डॉक्टर बघायला येणार आहेत, मीच सुचवलं की सगळ्यांसमोर ताईला बसवा. उखाण्यात तिचा हात कोण धरणार?

मोहिनी

शोभाबाई विचारत होत्या, भिलाईची मंडळी कशी आहेत. छान आहेत म्हटलं. छान आहेस ना?


वर्धा, ३० सप्टेंबर २००१

कोकिळा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

ताई पाहुण्यांसमोर बसली. हिरवं लुगडं नेसली होती. उखाणा दोनदा ऐकून म्हणून दाखवला, भाऊजींचं नाव घालून, ठसक्यात. मग गप्पा झाल्या. अर्ध्या तासानं आचलनं विचारलं, "आजी, मघाशी नवा उखाणा शिकलो ना आपण, तो म्हणता?"

ताई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कापसाच्या बोंडातून सरकी केली न्यारी..."

"हा नाही आजी, नवा. त्यात एक टोपली होती."

"टोपली?"

"टोपलीत फळ होतं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "मोही, काय म्हनून राह्यली ही पोरगी? मले कोनं शिकवला उखाना?"

कोके, उखाणा विसरली असती तर चाललं असतं. उखाणा शिकवला हेच तिथे नव्हतं. दारातून भाऊजी पुटपुटले, "पेरू, पेरू म्हन." तेव्हा मला सगळं कळलं. तो शनिवार, ते पोहे, ते सारखं दारात उभं राहणं. ते प्रेम होतंच, पण तो टेकूही होता. कधीपासून, विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "लय दिवस झाले. भाजीत मीठ मीच पाहून घेतो. लोकायले काऊन कळू द्याचं? तिले हसले असते."

डॉक्टर म्हणाले, एका उखाण्यावर मी आजाराचं नाव घेणार नाही. नागपूरला नेलं. रक्त तपासलं, थायरॉईड, जीवनसत्त्वं, मेंदूचा स्कॅन. कारण काही वेळा साध्या गोष्टीनंही असं होतं आणि ते औषधानं बरं होतं. ताईचं तसं निघालं नाही. पहिलाच टप्पा आहे म्हणाले, तोही काही वर्षं चालतो. गोळ्या आहेत, त्या बरं करत नाहीत, काही काळ तोल सांभाळतात. मी बाहेर बाकावर बसून रडले.

आणि तिथेच, रडता रडता, मला धीरजचं लग्न आठवलं. मी उठून आत पळत गेले, कोके. डॉक्टर दुसऱ्या पेशंटबरोबर होते, तरी गेले.

तू माझ्याशीही ते कधी बोलली नाहीस, म्हणून आज मीच लिहिते. हळदीच्या दिवशी मांडवात भरल्या बायकांमध्ये ताईनं तुला विचारलं, "मधुकरराव कोठी हायेत? त्यायले काऊन नाई आणलं?" मधुकररावांना जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. तू तिथून उठलीस ती थेट स्टेशनावर. मला एवढंच म्हणालीस, जी भिलाईला येऊन तेराव्याला जेवून गेली, तिनं मला चारचौघीत हे विचारावं?

मी डॉक्टरांना हेच विचारलं. जी तेराव्याला जेवली तिला हे विचारता येईल? ते म्हणाले, "त्या दिवशी मी तिथे नव्हतो, शपथेवर सांगू शकत नाही. पण हो. तेव्हाच सुरुवात झाली असेल तर येईल. पाहुणे, मृत्यू, तेरावं, हे सगळं नवं होतं. जावईबापू हसत घरी येतात, हे जुनं."

कोके, तिनं तुला टोचलं नव्हतं! तिच्यासाठी मधुकरराव यायचे राहिले होते, एवढंच. ती त्यांची वाट बघत होती. दोन वर्षं तू जिच्याशी भांडत होतीस ती ताई नव्हतीच. मी बसमध्ये येताना अशी हसत होते की कंडक्टरनं विचारलं, लॉटरी लागली काय बाई?

ताईला मी सांगितलं. बरा दिवस होता तिचा. ऐकून ती रडली. मग म्हणाली, "म्या पुसलं? कोकीले? बाप्पा, किती रडली असन ते लेकरू. तिले लिहिजो मोही. म्हनजो, ताई पाया पडते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हे काही आठवत नव्हतं आणि मी पुन्हा सांगितलं नाही. एकदा रडवली ते पुरे. पण तिनं ते म्हटलं, माझ्यासमोर म्हटलं, आणि आता ते माझ्याकडे जपून आहे. तपासलं म्हणून ते म्हणण्याइतकी ती शिल्लक असताना आपल्याला कळलं. आणखी चार वर्षांनी कळलं असतं तर?

ये ना. पण तयारीनं ये. ती पुन्हा विचारेल, मधुकरराव कुठे आहेत म्हणून. एकाच दिवसात चारदा विचारेल. भाऊजी आणि मी 'ऑफिसच्या कामात आहेत' म्हणतो. तुला ते म्हणवेल का, मला माहीत नाही. नाही म्हणवलं तर मी म्हणेन, तू नुसती बस.

तुझी
मोहिनी


वर्धा, २५ नोव्हेंबर २००१

माझी कोकी,

चप्पल पुन्हा विसरलीस! पेपरातून काढून मी दाराशी ठेवली होती, आणि तू येतानाचीच पायात घालून गेलीस. बरं झालं. आता ती न्यायला यावंच लागेल.

तुझं ते दोन ओळींचं कार्ड आलं तेव्हापासून आज तू जाईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. पवनारच्या बसमध्ये तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बांगडी रुतली. मी म्हटलं, परत जाऊ या का? तू म्हणालीस, "आता तिकीट काढलंय ना." अगदी आपल्या आईसारखी.

ताईनं तुला दारातच ओळखलं, ओळखते की नाही याचाच मला घोर होता. "कोकी! किती वाळली वं! तिकडं भिलाईले जेवाले नाई भेटत काय?" तुझे गाल धरले, पाणी दिलं, आणि तू टेकतेस न टेकतेस तोच ते आलं. "अन् मधुकरराव कोठी हायेत? त्यायले काऊन नाई आणलं?"

मी आत दूध तापवत होते. भाऊजी खाकरले, ऑफिसचं काहीतरी सुरू करणार तेवढ्यात तुझा आवाज आला. "ताई, नाव घेऊ का त्यांचं?"

दूध उतू गेलं, मला हलता आलं नाही. चार वर्षं झाली, तुला कोणी नाव घे म्हटलं नव्हतं. म्हणणारही नव्हतं. ओसरीवर प्रमिलाबाई होत्या, त्यांचा हात तोंडाशी गेलेला मी खिडकीतून पाहिला. आणि तू डोक्यावर पदर घेऊन, नव्या नवरीसारखी,

"निळ्या टोपलीत पेरू, पेरूवर बसली खार,
मधुकररावांचं नाव घेते, उघडा मागचं दार."

म्हणजे माझी पत्रं तू वाचत होतीस, लबाड! नुसती वाचली नाहीस, पाठ केलीस.

ताई केवढी खूश झाली. "नवा हाय वं हा! कोठी शिकली? अन् दार तं उघडंच हाय, येऊ दे त्यायले." आणि खरंच मागे वळून परसदाराकडे बघत राहिली. तूही बघत होतीस. मग भाऊजी चष्मा पुसत मागे गेले आणि झाडाचे दोन पेरू आणून तुझ्या ओटीत टाकले.

जेवताना तिनं पुन्हा विचारलं. तू पुन्हा नाव घेतलंस. निघताना तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तू हसत होतीस, कोके. मधुकरराव गेल्यापासून तुझं ते हसू मी पाहिलं नव्हतं.

तुला बसमध्ये बसवून मी ताईकडे परत गेले, माझी छत्री राहिली होती. ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. मला सवयच लागली आहे आता. अर्धा तास होऊन गेला होता, म्हणून विचारलं, "ताई, आज कोणीतरी नाव घेतलं ना आपल्याकडे?"

"कोनं?"

"टोपली होती बघ उखाण्यात."

"नाई बा."

"टोपलीत फळ होतं."

तिनं मान हलवली. शेजारच्या ताटात तू अर्धा खाल्लेला पेरू होता, तो तिनं पाहिला आणि बाजूला सरकवला. काही नाही. फडताळ रिकामं. मी छत्री घेतली आणि उठले.

मागून म्हणाली, "मोही, एक सांगू? आज मन लय खुश हाय माहं. काऊन, ते काही समजून नाई राह्यलं."

आचलच्या कागदावर याला जागा नाही. म्हणून तुला कळवते.

तुझी
मोहिनी